तीन बोटांची वळचण

रोहिणी नक्षत्र लागलं की माझे पाय वळवळायला लागतात. वय पंच्याऐंशी, गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत, तरी वाटतं कुठल्या तरी माळवदावर चढावं आणि अनवाणी चालून बघावं. उतार डोळ्यांना कळत नाही, तळपायांना कळतो. आता मी धाराशिवात मुलाकडं राहतो. डोक्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर पाण्याची टाकी आहे. परवा शेजारच्या बांधकामावर एक पोरगेला इंजिनिअर नळीत पाणी भरून पातळी बघत होता. मी कठड्यावरून विचारलं, "उतार किती देणार हो?" तो हसून म्हणाला, "आजोबा, तुम्ही कशाला काळजी करताय?" खरंय बाबा. करायची होती तेव्हा केली नाही, आता करतोय म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, चार कोसांवर. गावात जेवढी घरं तेवढी माळवदं. ज्यांनी माळवद पाहिलंच नाही त्यांना सांगायला पाहिजे. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर कडुलिंबाचा पाला आणि पाल्यावर वीतभर माती. लांबून बघितलं तर सपाट. पण सपाट नसायचं ते. हाताला अर्धं बोट, एवढा उतार त्यात लपवलेला असायचा, आणि तो पन्हळीकडं जायचा. पन्हळ म्हणजे भिंतीच्या बाहेर दोन हात काढलेलं पोकळ लाकूड. सगळ्या माळवदाचं पाणी तिच्यातून लांब गल्लीत जाऊन पडायचं. घराच्या भिंतीला थेंब लागायचा नाही.

रोहिणीत खाऱ्या मातीच्या गाड्या यायच्या. बायका पाट्या भरभरून शिडीनं वर न्यायच्या, माती पसरायची, तुडवायची, चोपायची. धुरळ्यानं पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. सगळं झालं की वडील पाण्याची घागर मागवायचे आणि पन्हळीच्या समोरच्या कोपऱ्यात ती हळूच पालथी करायचे. मग सगळं घर श्वास धरून उभं. पाणी आधी घुटमळायचं, एखादी जीभ इकडं काढायचं, एखादी तिकडं, मग ओळखीची वाट सापडल्यागत चालायला लागायचं. पन्हळीतून पहिली धार गल्लीत पडली की वडील म्हणायचे, "चला, जेवायला वाढा." कुठं मध्येच साचलं तर जेवण नाही. परत माती, परत घागर. "थांबलेलं पाणी घर खातंय," हे त्यांचं वाक्य. मी ते आईच्या दुधाबरोबर प्यालो म्हणा ना.

आईचं दूध तरी कुठं फार दिवस मिळालं? मी पाच वर्षांचा असताना ती गेली. मला वाढवलं ते आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. लग्न होऊन गेली आणि विसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आली. परत आली ती पदर खोचूनच. मला शाळेत घातलं तिनंच. शाळा उर्दूतली. राज्य निजामाचं, कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. मी ओसरीवर बसून उर्दूत भूमिती घोकायचो, ती जात्यावर बसून ऐकायची. "काय बडबडतूस ते मला कायबी कळंना," म्हणायची, "पर थांबू नगंस. चांगलं वाटतंय कानाला." मी गावातच सरकारी शाळेत मास्तर झालो तेव्हा तिनं अख्ख्या आळीत गूळ वाटला. "आमच्या बापूला हिसाब येतोय," असं सांगत सुटली. माझ्या हुशारीवर माझ्यापेक्षा तिचाच भरवसा जास्त. मलाही तो भरवसा गोड लागायचा. खोटं कशाला सांगू?

आणि मग तिला खोकला लागला. एका पावसाळ्यात लागला तो हिवाळ्यातही हटेना. माळवदाची खोली, वरून गळत नसली तरी मातीत ओल मुरायची. श्रावणात भिंतीला हात लावला तर गार लागायची. माघात तिच्या पदराला रक्त दिसलं. बैलगाडीत घालून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादेकडचे, भले गृहस्थ. नळी लावून फार वेळ ऐकत राहिले. मला बाहेर नेऊन म्हणाले, "मास्टर, इनको सीलन में नक्को रखो. एक बरसात सूखी निकल गई तो फिर देखेंगे." सीलन म्हणजे ओल. बस, एवढंच. औषधाची बाटली दिली, पण ती आपली माझ्या समाधानासाठी असावी. एक पावसाळा कोरडा. देवानं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

येताना गाडीत ती म्हणाली, "काय म्हणला रं डॉक्टर?"

"काय नाही. कोरड्यात राहायचं म्हणाला."

"मंग ऱ्हाऊ की," ती म्हणाली, जसं काही कोरडं आमच्या घरात कोनाड्यात ठेवलेलं होतं.

तेव्हा मी ठरवलं, पश्चिमेकडच्या खोलीचं माळवद उतरवायचं आणि वर पत्रा घालायचा. गावात पत्र्याचं घर एकही नव्हतं. जंग, म्हणजे दुसरं महायुद्ध, चालू होती, पत्रा डोळ्यालाही दिसत नव्हता. कंट्रोलचा काळ. तहसिलीत अर्ज केला, चिठ्ठीवर चिठ्ठी आणली, चार वेळा खेटे घातले. बारा फुटी पत्रे मागितले होते. हातात पडले दहा फुटी, तेही मोजून सात. ढोकीच्या स्टेशनातून दोन दिवसांची गाडी करून आणले. गावात गाडी शिरली तेव्हा पत्र्यांचा खणखणाट ऐकून लोक दारात आले. मला मिरवणुकीत बसल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

आता गणित. मी आयुष्यभर हे गणित पोरांना शिकवलं, पण त्या एका जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुटीनंतर शिकवताना कधी माझा आवाज सरळ आला नाही. त्या दिवशी ओसरीवर शेणानं सारवलेल्या जमिनीवर मी खडूनं मुसल्लस काढला, म्हणजे त्रिकोण. खोलीची रुंदी, भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, नऊ फूट. हा पाया. पूर्वेची भिंत पश्चिमेच्या भिंतीपेक्षा जेवढी उंच करायची तेवढा चढ. आणि तिरका जाणारा तो पत्रा. त्या तिरक्या बाजूला उर्दूत वतर म्हणतात, मराठीत कर्ण. पत्रा दहा फुटांचा, त्याला जोड नाही. चढ जितका जास्त तितका पत्रा तिरकेपणातच खर्ची पडणार आणि भिंतीबाहेर कमी उरणार. चढ कमी तर पत्रा बाहेर जास्त. एवढीच गंमत आहे उताराची. एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं देतो.

दोन फूट चढ दिला तर: नऊचा वर्ग एक्याऐंशी, दोनाचा चार, पंच्याऐंशी. त्याचं मूळ सव्वानऊच्या आत. पत्रा भिंतीबाहेर वीतभर उरतो. चार फूट चढ दिला तर: एक्याऐंशी आणि सोळा, सत्त्याण्णव. मूळ दहाला जरासं कमी. पत्रा उरतो तीन बोटं. मी मांडीवर थाप मारली. बसतोय! चार फूट चढ बसतोय! पाणी पडेल आणि पळेल, थांबायचं नावच नाही. माझ्या डोक्यात वडिलांची घागर होती. तीस वर्षं माळवदाखाली राहिलेल्या माणसाला पाण्याचं एकच पाप ठाऊक असतं, ते म्हणजे थांबणं.

काम दस्तगीर मिस्त्रीचं. वयानं माझ्या वडिलांएवढे, सोलापुरात गिरण्यांच्या पत्र्यांवर काम करून आलेले. त्यांच्याकडं मापाचा गज होता लाकडाचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्यांनी माझा त्रिकोण उभ्यानं बघितला, मग उकिडवे बसून बघितला.

"मास्तरसाब, चार फुट कायको? दो बस हाय."

"मिस्त्री, पाणी थांबलं म्हणजे?"

"पत्र्यावर पाणी थांबतंय व्हय? थांबायला ती माती हाय का?" त्यांनी गजानं माझ्या त्रिकोणाच्या खालच्या टोकाला टिचकी मारली. "हितं बघा. वळचण न्हाई ऱ्हात. पाणी भिंतीला लागंल."

"तीन बोटं राहतात की."

"तीन बोट म्हंजे काय मास्तरसाब, वारा आला की..."

मी त्यांना आकडे म्हणून दाखवले. एक्याऐंशी, सोळा, सत्त्याण्णव. अडवलंच म्हणा ना. त्या पिढीत लिहिलेल्या आकड्यापुढं हात टेकायची सवय होती लोकांना, त्यातून आकडा मास्तरचा. "आप पढे-लिखे," ते म्हणाले. "हमारा क्या, हात का अंदाजा." आणि गज काखेत मारून उठले. हा माणूस बरोबर होता आणि मी त्याला पाढे म्हणून दाखवत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही उगीच नाही.

आक्का बाजेवर पडून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बापू, ते पाणी पडंल कुठं?"

"पडंल खाली. वर थोडंच जाणार आहे?"

सगळे हसले. सुभद्रा, माझी बायको, तीही तोंडाला पदर लावून हसली. आक्कासुद्धा हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली ती थांबेचना. आज मी एकटा असताना हे आठवलं तर उठून दुसऱ्या खोलीत जातो.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आम्ही उठता-बसता वापरायचो. पण वळचण आमच्या आळीत एकाही घराला नव्हती. माळवदाला कसली वळचण? ती होती गावकुसाबाहेरच्या छपरांना. कडब्याची, पाचटाची छपरं, पण भिंतीच्या बाहेर हात-दीड हात काढलेली, खाली कोंबड्या बसायच्या. त्या घरातल्या कुठल्याही बाईनं मला सांगितलं असतं, मास्तर, एवढं बाहेर काढा. तिकडं जाऊन विचारायचं माझ्या डोक्यात कसं येईल? मी तर हिसाब येणारा.

मृगाच्या आधी खोली तयार झाली. पूर्वेची भिंत चार फूट उंच चढवली, सात पत्रे ठोकले. आक्काची बाज आत नेली, पश्चिमेच्या भिंतीला लागून, कारण तिथं खिडकीचा वारा होता. उन्हात खोली तापायची, ती पदरानं वारा घेत म्हणायची, "ऊब हाय. माझ्या छातीला बरं हाय." पावसाला सुरुवात झाली तेव्हा पत्र्यावर असा दणदणाट झाला की मला वाटलं ती घाबरेल. आत गेलो तर कान देऊन ऐकत होती. मी अंगणात भिजत उभा राहून पत्रा बघितला. पाऊस थांबला आणि शंभर आकडे मोजीपर्यंत पत्रा स्वच्छ. एक थेंब मागं राहिला नव्हता. शेजारचं माळवद अजून पन्हळीतून गळत होतं. मी आत जाऊन म्हटलं, "बघितलंस?"

"बघितलं की," ती म्हणाली. "लई हुशार माझा बापू."

मग तो रोजचा परिपाठच झाला. शाळेतून आलो की दारातूनच विचारायचो, "आक्का, कोरडं आहे ना?" ती म्हणायची, "खडखडीत." हात लावून बघायचं कशाला? गणित होतं ना माझ्याकडं. आर्द्रा गेल्या, तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू गेला, म्हातारा म्हणजे पुष्य गेला. तिचा खोकला वाढत होता. मी म्हणायचो, रोग जुना आहे, उतरायला वेळ घेणारच. आषाढात एकदा मी पश्चिमेच्या बाजूनं बाहेरून गेलो. भिंतीच्या पायाशी माती चघळल्यासारखी झाली होती, वीतभर खोबण पडलेली. मी काय ठरवलं असेल? कुत्र्यानं उकरलं असणार! हाडहूड केलं, दोन पाट्या माती थापली आणि शाळेत गेलो. माझ्या छपराचं पाणी तीन बोटांवरून सुटून, पश्चिमेच्या वाऱ्यानं मागं ढकललं जाऊन, रोज त्या भिंतीला चाटत होतं. ते बघून मी कुत्र्यावर ओरडलो.

उत्तरा नक्षत्रात तीन दिवस झड लागली. आमच्याकडं खरा पाऊस तेव्हाच येतो, पिकं उभी असताना, माणसं दमलेली असताना. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का गेली. मी शेजारीच होतो. तिनं पाणी मागितलं, सुभद्रानं चमच्यानं दिलं, ते आत गेलं नाही. एवढंच. जंगम आले, आम्ही तिला बसवून शेतात नेलं. आमच्यात जाळत नाहीत, गळ्यातल्या लिंगासकट माती देतात. गडी खड्ड्यातलं पाणी पाटीनं उपसत होते आणि ते परत झिरपत होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, असंच ठेवा आता, किती वेळ उपसणार? तसंच ठेवलं. एक पावसाळा कोरडा, एवढं मागितलं होतं तिच्यासाठी, आणि तिची शेवटची जागासुद्धा मला कोरडी करता आली नाही.

पाचव्या दिवशी ती पश्चिमेची भिंत बसली. दुपारची वेळ, खोलीत कुणी नाही. आवाजही फार झाला नाही, मऊ पडली. दस्तगीर मिस्त्री आले, ढिगाऱ्यातली माती मुठीत घेऊन दाबली आणि बोटांमधून पाणी निघालं ते मला दाखवलं. मी म्हणालो होतो ना, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. पत्रे काढून दिले आणि चहा न घेता गेले.

माणूस किती निर्लज्ज असतो बघा. भिंत डोळ्यांदेखत पडली, तरी मी माझ्यापुरती एक जागा शोधलीच. भिंत पडली, कबूल. वळचण चुकली, कबूल. पण ती पडली आक्का गेल्यावर. वरून तर थेंब आला नाही? आत तर ओल नव्हती? रोज विचारत होतो मी. म्हणजे तिला रोगानं नेलं, माझ्या गणितानं नाही. या हिशेबावर मी दिवाळीपर्यंत जेवलो-झोपलो.

दिवाळीनंतर वाशीकडचे एक पाहुणे समाचाराला आले. ओसरीवर बसलो होतो, ऊन चांगलं होतं. ते हळहळले, "फार केलंत हो तुम्ही बहिणीसाठी." मी म्हणालो, "करून काय उपयोग? पण एक समाधान आहे. शेवटपर्यंत कोरड्यात होती."

आत चुलीपुढं सुभद्रा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. पाहुणे निघाले. ते वेशीकडं वळले तशी पिठाच्या हातानं ओसरीवर आली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता तिनं.

"कोरड्यात व्हत्या म्हणू नगा," ती म्हणाली. "दुसरं कायबी म्हणा. ते म्हणू नगा."

"म्हणजे?"

"मिरगाच्या दुसऱ्या आठवड्यापासनं भिंत पाझरत व्हती. बाजेखाली चिखल व्हायचा. वन्संची वाकळ रोज पिळून निघायची. तुमी शाळंत गेला की म्या ती चुलीम्होरं वाळवायची, भुई पुसून राख टाकायची, आन तुमी यायच्या आत परत हातरायची. तीन म्हयने."

मी म्हणालो, "आणि मला सांगितलं नाहीस? एका शब्दानं सांगितलं असतंस तर बाज हलवली असती. स्वयंपाकघरात ठेवली असती तिला. गोठ्यात ठेवली असती!"

"म्या रोज म्हणायची, सांगते आता. वन्संनी गळ्यातल्या लिंगावर माझा हात ठिवून शपथ घातली व्हती." ती रडत होती, पण संतापानं. "म्हणल्या, त्याला सांगू नगंस गं. त्याला तेवढा एक हिसाबच येतोय."